दोन डब्यांची वामकुक्षी

"स्वल्प पाठ टेकतो. दहा मिनिट."

हे म्हणण्याआधी अण्णा मनगटावरचं घड्याळ काढत, मग चष्मा काढत आणि दोन्ही वस्तू एका लाकडी खोक्याच्या कडेवर शेजारी शेजारी मांडत. मग पुठ्ठा अंथरलेल्या पॅलेटवर, म्हणजे मशीन ज्याच्यावर उभं करून पॅक करतात त्या लाकडी फळीवर, ते आडवे होत. उजव्या कुशीवर. गुडघे पोटाशी, एक हात डोक्याखाली. घोरणं सुरू व्हायला अर्धं मिनिटही लागत नसे. एकचा भोंगा झाला की उठून बसत, चष्मा लावत, घड्याळ बांधत आणि मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून म्हणत, "अय्यो. जळतंय की रे."

हे रोज. सुट्टीचा दिवस सोडून रोज. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी एकाच दगडाला रोज ठेचकाळतात आणि रोज त्या दगडाकडे रागानं बघतात. पण अण्णांच्या चेहऱ्यावर राग नसे, आश्चर्य असे. कालपर्यंत छातीत कधी जळजळलंच नव्हतं आणि आज हे नवीनच काय निघालं, अशा नजरेनं ते आमच्याकडे बघत. ते आश्चर्य इतकं ताजं असायचं की पहिले काही महिने मला खरंच त्यांची काळजी वाटली.

नव्वदीच्या सुरुवातीला मी साताऱ्याहून डिप्लोमा करून बंगळूरला आलो. यशवंतपूरला लेथ मशीन बनवणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागलो. मी तपासून सही केलेलं मशीन पॅकिंगच्या शेडमध्ये जायचं आणि तिथे अण्णांच्या ताब्यात. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण सगळा कारखाना त्यांना अण्णाच म्हणायचा, तेव्हा मीही इथे तेवढंच सांगतो. माझं मराठी ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी मला जवळ बसवलं. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी घोड्यावर बसून इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं, असं ते सांगत. त्या तीनशे वर्षांत मराठीत जेवढं कन्नड शिरायचं तेवढं शिरलं होतं. पण मला परक्या गावात ते मराठी कानावर पडलं की बरं वाटायचं.

त्यांचा दुसरा शब्द म्हणजे 'सरी'. सरी म्हणजे बरं, ठीक आहे. मॅनेजरला सरी, युनियनवाल्यांना सरी, लॉरीवाल्याला सरी. दोन माणसं एकाच वेळी एकमेकांविरुद्ध बोलत असली तर डावीकडच्याला एक सरी आणि उजवीकडच्याला एक. भांडणात त्यांना कुणी साक्षीदार करत नसे, कारण ते दोन्ही बाजूंनी साक्ष देत.

मी साताऱ्याचा, तेव्हा जेवणानंतर काय करावं याबद्दल माझी मतं पक्की होती. आमच्या घरी वडील शतपावली घातल्याशिवाय जेवल्याचं समाधान मानत नसत. मी अण्णांना म्हटलं, "जेवून लगेच आडवं झालात तर जळजळणारच. शंभर पावलं चाला."

"वामकुक्षी शास्त्रात आहे रे," ते म्हणाले.

"वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर. तुम्ही उजव्या कुशीवर झोपता."

"डावीकडं भिंत आहे. वारं येत नाही." त्यांनी वरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता.

आडवं न होणं सोडून बाकी सगळे उपाय त्यांनी केले होते. खिशात ओव्याची पुडी असे. टेबलाच्या खणात गुलाबी औषधाची बाटली. तीन वाजता गेटबाहेरच्या गाड्यावर गोटी सोडा. शनिवारी घरून जिऱ्याचा कषाय, म्हणजे काढा, बाटलीत. दुसऱ्या कुणाचं पोट बिघडलं तर तो आधी अण्णांकडे येई आणि अण्णा त्याला इतक्या अधिकारानं औषध देत की तो बरा होऊन जाई. पोटाबद्दल त्यांचं ज्ञान खरोखर मोठं होतं. ते फक्त त्यांच्या स्वतःच्या पोटापर्यंत पोचत नव्हतं.

एकदा तर मोठाच घोटाळा झाला. दुपारी सव्वाची वेळ. क्रेनला टांगलेलं मशीन खोक्याच्या तळावर उतरवायचं होतं. खाली उभं राहून हातानं खुणा करायचं काम अण्णांचं. मशीन खाली येत असतानाच त्यांच्या घशाशी आंबट आलं. त्यांचा एक हात छातीवर गेला आणि दुसरा, जरा थांब रे बाबा या अर्थानं, वर गेला. क्रेनवाल्याच्या भाषेत वर गेलेला तळहात म्हणजे थांबवा. त्यानं थांबवलं. अण्णा तसेच सोडा प्यायला गेटकडे गेले. वीस मिनिटं दोन टनांचं मशीन हवेत लटकत होतं, खाली सहा माणसं हातावर हात ठेवून उभी होती, आणि मॅनेजर आल्यावर क्रेनवाला अत्यंत जबाबदारीनं म्हणाला, "अण्णा हेळिदारे, होल्ड." अण्णांनी सांगितलंय, आता कुणाची बिशाद.

त्या प्रकारानंतर त्यांना कारखान्याच्या डॉक्टरांपुढे उभं केलं गेलं. डॉक्टर गुरुवारी यायचे. त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली आणि सांगितलं, जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही. अगदीच व्हायचं असेल तर डोक्याची बाजू उंच हवी.

"सरी डॉक्टर," अण्णा म्हणाले.

त्यातलं पहिलं वाक्य त्यांनी तिथेच सोडलं आणि दुसरं घेऊन शेडमध्ये आले. पॅलेटच्या एका टोकाखाली लाकडाच्या दोन पाचरी ठोकल्या आणि उतारावर झोपले. दहा मिनिटांत घसरून पायथ्याशी जमा झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायांच्या बाजूला आडवी पट्टी ठोकली. तरी कमरेत मुडपून घसरायचे, म्हणून दोन्ही बगलांना ठोकळे आले. लांबच्या प्रवासात मशीन हलू नये म्हणून जे जे करतात ते सगळं त्यांनी स्वतःला केलं. वरून झाकण ठोकून 'ही बाजू वर'चा बाण काढायचा तेवढा राहिला. भोंगा झाला, ते ठोकळ्यांतून बाहेर आले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "अय्यो."

आता खरी गोष्ट सांगतो. ती मला कळायला वर्ष लागलं.

आम्ही सगळे कँटीनमध्ये जेवायचो. अण्णा नाही. त्यांचं जेवण शेडमध्ये, रचलेल्या खोक्यांच्या मागे, एकट्यानं. कुणी म्हणे ते सोवळ्यातले आहेत, कुणी म्हणे लाजतात. एके दिवशी एक मशीन तातडीनं पाठवायचं होतं, मला कँटीनला जायला वेळ नव्हता, म्हणून मी पावाचा पुडा घेऊन खोक्यांमागे गेलो. अण्णा भाकरी, पिठलं आणि ठेचा खात होते. मला बघून जरा चपापले. डबा संपला, त्यांनी तो पुसून बंद केला आणि माझ्याकडे एकदा बघून, आता काय लपवायचं अशा तऱ्हेनं, फळीखालून दुसरा डबा काढला. त्यात नारळाएवढा नाचणीचा मुद्दे होता, म्हणजे नाचणीचं पीठ शिजवून वळलेला गोळा, आणि पालेभाजीचं पातळ सारू. तोही त्यांनी गिळायला घेतला. मुद्दे चावत नाहीत, तुकडा सारात बुडवून गिळतात. प्रत्येक तुकड्याला त्यांचे डोळे जरा बाहेर येत होते.

"अण्णा, एवढी भूक?"

"भूक कुठली रे. भूक पहिल्या डब्यात संपली."

मग त्यांनी सांगितलं. पहिला डबा बायकोचा. दुसरा अक्काचा.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, अक्कानं वाढवलं. तिचं लग्न झालं, नवरा दोन वर्षांत गेला, ती परत आली ती भावाकडेच राहिली. अण्णांची बायको, म्हणजे वहिनी, कोल्हापूरकडची. लग्नानंतर वर्षभरात एक दिवस घरी पाहुणे होते, वहिनींनी रस्सा केला होता, आणि अक्कानं येताजाता त्यात चिंचेचा कोळ आणि साराची पूड टाकली. चव नव्हती म्हणून टाकली असं पाहुण्यांसमोर सांगितलंही. वहिनींनी पातेलं उचललं आणि मोरीत पालथं केलं. संध्याकाळी अक्का आपली ट्रंक घेऊन मल्लेश्वरमला मारुतीच्या एका देवळामागच्या खोलीत राहायला गेली, ती तिथेच.

"बायको म्हणाली, तिच्या हातचं खाल्लंत तर माझ्याशी बोलू नका. मी म्हटलं सरी."

"आणि अक्का?"

"अक्का म्हणाली, तू जेवणार नसशील तर मी कुणासाठी शिजवू. मी म्हटलं सरी."

तेव्हापासून अण्णा रोज सकाळी स्कूटरवरून मारुतीच्या देवळात जात. देऊळ खरं, शेंदूरही खरा, पण जाणं डब्यासाठी. संध्याकाळी घरी जाताना रिकामा डबा परत. घरी वहिनी डबा उघडून बघत, काही उरलंय का. मल्लेश्वरमला अक्का डबा उघडून बघे, काही उरलंय का. इतक्या वर्षांत दोन्हीकडे एक घासही उरला नव्हता.

"मग एक कुणाला तरी देऊन टाका की," मी म्हटलं.

"अन्न टाकायचं?"

"टाकायचं नाही हो. आणि अक्कांना सांगा, थोडंच द्या."

अण्णांनी हातातला तुकडा खाली ठेवला. "ऐक. ती माझ्यासाठी शिजवते म्हणून तिचं शिजतं. एकटीसाठी ती शेगडी पेटवत नाही. मध्ये मी चार दिवस तापानं घरी होतो. डबा नव्हता. परत गेलो तर ही चार दिवस बन आणि कॉफीवर. विचारलं तर म्हणते भूकच नव्हती. माझा डबा बंद म्हणजे तिचं जेवण बंद. कळलं?"

मग तो उरलेला गोळाही त्यांनी संपवला. उठताना त्यांनी खोक्याचा आधार घेतला. त्या वजनाखाली माणूस उभा राहू शकत नव्हता, म्हणून तो आडवा होत होता, आणि आम्ही वर्षभर त्याला शतपावली सांगत होतो.

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी मदत करायला जातो, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "अण्णा, उद्यापासून वहिनींचा डबा मी खातो. मला घरची भाकरी मिळेल. तुम्ही अक्कांचा खा. दोन्ही डबे रिकामे जातील." मुद्दे मला गिळता येणं शक्य नव्हतं, नाहीतर ही वाटणी कदाचित उलटी झाली असती आणि पुढचं टळलं असतं.

अण्णांनी दुसराही डबा पुसून बंद केला. मग म्हणाले, "सरी."

आठ दिवसांत जळजळ गेली. ते झोपेनासे झाले. एवढ्या जेवणावर झोप येतेच कशाला. पाचरी आणि ठोकळे पॅकिंगच्या कामाला परत गेले. साडेबाराला जेवून आम्ही दोघं शेडच्या बाजूनं शतपावली घालायला लागलो. डॉक्टर खूष झाले, मॅनेजर खूष झाला. मी तर इतका खूष होतो की साताऱ्याला पत्रातही लिहिलं. आणि वहिनींचा ठेचा काय सांगू तुम्हाला. परगावी एकट्या राहणाऱ्या माणसाला तसा ठेचा रोज मिळाला तर त्याच्या हातून कृतज्ञतेपोटी काहीही होऊ शकतं.

ते झालंच. गौरीच्या दिवशी अण्णांनी मला घरी जेवायला बोलावलं. राजाजीनगरचं छोटं, स्वच्छ घर. वहिनी ठसठशीत, बोलायला मोकळ्या. "भावजी, लाजू नका. परक्या मुलखात कोण वाढतंय तुम्हाला," म्हणत त्यांनी तिसरी पुरणपोळी वाढली. साताऱ्याचा शिकवलेला मुलगा, वाढणाऱ्या हाताचे आभार मानल्याशिवाय कसा उठेल?

"वहिनी, परका मुलूख मला वाटतच नाही," मी म्हणालो. "रोज तुमच्या हातची भाकरी खातो मी. चार महिने झाले. आईची आठवण येऊ दिली नाहीत तुम्ही."

अण्णांचा घास हातात थांबला. मी आपला हसत वहिनींकडे बघत होतो. आभार पोचल्यावर माणसाचा चेहरा उजळतो, त्याची वाट बघत होतो. त्यांनी हातातली तुपाची वाटी खाली ठेवली.

"रोज?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं. पण शब्द ताटात वाढलेल्या पोळीसारखे परत घेता येत नाहीत.

सगळ्यांची जेवणं वहिनींनी नीट होऊ दिली, मला विडाही दिला. दुसऱ्या दिवशी अण्णा एकच डबा घेऊन आले. "मारुतीला जायचं नाही म्हणाली," त्यांनी सांगितलं.

"मग तुम्ही?"

"काय म्हणणार. सरी म्हटलं."

अक्काला त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी नाचणी बंद केली आहे. अक्काही म्हणाली सरी. तो शब्द त्या घराण्यातच असावा.

पुढचे पंधरा दिवस अण्णा ठणठणीत होते. एक डबा खात, हात धूत, माझ्याबरोबर चालत. ढेकर नाही, जळजळ नाही, गुलाबी बाटली खणात तशीच. एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, मला म्हणाले, "चल, अक्काला बघून येऊ. एकट्याला जायला कसंतरी होतं."

खोली एवढीशी होती. अक्का दारातच बसली होती, हातापायाच्या काड्या, पण आवाज खणखणीत. अण्णांना ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकट्या. "तम्मा, ऊट झालं?"

"झालं."

"काय खाल्लास?"

"भाकरी."

"बरं आहे. हलकी असते." तिनं माझ्याकडे पाहिलं. "हा कोण?"

"कारखान्यातला," अण्णा म्हणाले. त्यांनी माझी खरी ओळख करून दिली नाही, ही त्यांची भलाई.

मी म्हटलं, "अक्का, तुमचं जेवण?"

"झालं की सकाळीच."

कोपऱ्यात शेगडी होती. मुद्दे घोटायचं भांडं धुऊन तिच्यावर पालथं घातलेलं, आणि त्याच्या बुडावर धूळ होती. पंधरा दिवसांची असेल. फळीवर कागदात गुंडाळलेला अर्धा बन होता. ती आम्हाला कॉफी करायला उठली तर उठताना भिंतीला धरून उठली. अण्णा दुसरीकडे बघायला लागले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी एकटाच राजाजीनगरला गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. चूक माझी, कल्पना माझी, अण्णांनी नुसतं सरी म्हटलं. अक्का जेवत नाहीत. शेगडी बंद आहे.

त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, मला काय ठाऊक नव्हतं व्हय? मारुतीच्या देवळातनं येणारा माणूस नाचणीचे ढेकर देतो काय?"

मी खाली बसलो.

"पहिल्या वर्षापासनं ठाऊक हाय. रोज अक्कांचंबी खातात, माझंबी खातात, आन् रात्रभर छाती धरून बसतात. मीच कषाय करून देते न्हवं? बोलले का कधी? दोन्ही खात होते तवर माझी काई तक्रार नव्हती." त्यांनी सूप खाली ठेवलं. "त्यांनी बहिणीचं खाल्लं त्याचं काय वाटलं न्हाई मला. माझं तुम्हाला दिलं त्याचं वाटलं. पहाटे उठून भाकऱ्या थापते मी. एका डब्यात पोट भरत होतं, तर त्यांनी कुठला निवडला? सांगा की."

चार महिने मी तो डबा चवीनं खाल्ला होता आणि तो कुणासाठी थापलेला आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं.

सूप परत हातात घेत त्या म्हणाल्या, "म्हातारी खरंच जेवत न्हाई?"

"बन खातात."

"बन!" त्या एवढ्या रागानं म्हणाल्या की मला वाटलं, आता सगळं संपलं. पण त्या आत गेल्या, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांगा, माझा डबा त्यांनी स्वतः खायचा. शेवटच्या घासापर्यंत. मग देवाला जायचं असंल तर जाऊ द्यात."

सोमवारी मी हा निरोप अण्णांना दिला. त्यांनी तो उभ्यानं ऐकला. निरोपाचा अर्थ त्यांच्या पोटाला काय होतो हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. तरी त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"सरी," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या शब्दाला काही अर्थ आहे.

मंगळवारी दोन डबे आले. भाकरी, मग मुद्दे. मी समोर बसून माझा पाव खाल्ला, मदत करायचं नावही काढलं नाही. साडेबाराला त्यांनी घड्याळ काढलं. एकला छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "अय्यो," आणि मला इतका आनंद झाला की मीच धावत जाऊन सोडा घेऊन आलो.

गुरुवारी डॉक्टरांनी विचारलं, "परत आडवं व्हायला लागलात का?" अण्णा म्हणाले, "स्वल्प." डॉक्टरांनी मान हलवली आणि बाटली लिहून दिली. काही लोकांना शिस्तच नसते, असं ते मला बाहेर म्हणाले. मी हो म्हटलं.

पुढची पाच-सहा वर्षं हेच चाललं. कारखान्यात संगणक आले, शेडला नवा पत्रा आला, माझं लग्न झालं आणि मीही घरचा डबा आणायला लागलो. त्या सबंध काळात दोघी बायका एकमेकींना भेटल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मधल्यामध्ये एक पोट जळत राहिलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंची घरं सुरळीत चालू राहिली. आम्ही त्या पोटाला आजार म्हणायचो.

मग अक्का आजारी पडली. शेवटचे दहा दिवस वहिनी तिला घरी घेऊन आल्या, अण्णांना न विचारता. विचारलं असतं तरी उत्तर माहीतच होतं. भाकरी दुधात कुस्करून त्या तिला भरवायच्या. पहिला घास घेऊन अक्का म्हणाली, "मीठ कमी आहे." हे वहिनींनी मला तेराव्याला सांगितलं, हसत सांगायला गेल्या आणि पदर तोंडात धरून आत निघून गेल्या.

तेव्हा अण्णांच्या निवृत्तीला जेमतेम महिना उरला होता. ते कामावर परत आले ते एकच डबा घेऊन. जेवले. डबा पुसला. फळीवर बसून राहिले. भोंग्याला वीस मिनिटं होती आणि आडवं होण्यासारखं काही खाल्लेलं नव्हतं. त्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना तपासून पाठ थोपटली. या वयात असं पोट म्हणजे नशीब, ते म्हणाले. अण्णांनी सरी म्हटलं नाही. मान खाली घालून शर्टाची बटणं लावली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझा डबा घेऊन खोक्यांमागे गेलो. अण्णांचं जेवण झालेलं होतं. मी झाकण उघडलं तसे ते डब्यात वाकून बघायला लागले.

"काय आहे?"

"पोळी. वांगं. भात."

"दे इकडं."

मला वाटलं चव बघतील. ते मांडी घालून बसले आणि खायला लागले. दोन्ही पोळ्या, वांगं, सगळा भात, कोपऱ्यातलं लोणचंसुद्धा. मध्येच श्वास घ्यायला थांबत आणि परत खात. संपल्यावर खोक्याचा आधार घेऊन ते उठले, आडवे झाले आणि उजव्या कुशीवर वळले. झोप लागली नाही त्यांना. डोळे उघडेच होते. भोंगा झाला, ते उठून बसले, त्यांनी तळहात छातीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवून वाट बघितली.

महिनाअखेरपर्यंत मी कँटीनमध्ये जेवलो आणि माझा डबा रोज खोक्यांमागे गेला. त्या पहिल्या दिवशी मात्र त्यांनी माझा डबा नळाखाली स्वतः घासला, उलटा करून झटकला आणि माझ्या हातात देताना म्हणाले, "बायकोला सांग तुझ्या. उद्या तिखट स्वल्प जास्त घालायचं."